सुदाम्याच्या बाटल्या

सात मजली राजवाडा रोज पाहणाऱ्या इंदूरकराला राजवाड्यांचं काय कौतुक! म्युनिकला मुलाकडे गेलो तेव्हा तिथले महाल सौ.वर सोपवून मी पिशवी घेतली आणि किराणा दुकानाची वाट धरली. इंदूरच्या सुदामा नगरचा माणूस परदेशी जायचा म्हणजे पोहे आलेच. सोबत शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला. पेढे मात्र घरीच राहिले, कारण बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत.

दुकानाबाहेर ढकलगाड्या एकमेकींना साखळीने जखडलेल्या. मी एक ओढली, तर अख्खी रांग वरातीसारखी पुढे सरकली. शेवटी एका आजीबाईंनी खाचेत एक युरोचं नाणं सारून आमची सुटका केली. गाडी जागेवर लावली की नाणं परत मिळतं म्हणे.

दही शोधत होतो. आमच्याकडे शेवसुद्धा चाखल्याशिवाय कोणी बांधून घेत नाही. इथे चाखायची सोय नाही आणि जर्मन वाचता येत नाही. पांढरं दिसलं ते उचललं. कढी ढवळताना त्यात पळी उभी राहिली. सून म्हणाली, "बाबा, हा क्वार्क. आम्ही याचं श्रीखंड करतो." बेसन-हळद पडलेल्या क्वार्कचं श्रीखंड होत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

पण खरी नाचक्की पाण्याच्या बाटल्यांनी केली. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं. कचरा वेगळा करण्यात आमचा हात कोण धरणार? जर्मनांनाही बघू दे, म्हणून मी घरातल्या साऱ्या रिकाम्या बाटल्या पायाखाली घेऊन चपट्या केल्या. मुलाने कपाळाला हात लावला. 2003 पासून तिथे अशा बाटलीमागे 25 सेंट अनामत घेतात. दुकानातलं यंत्र रिकामी बाटली गरागरा फिरवून तिच्यावरच्या खुणा वाचतं आणि पावती देतं. ती गल्ल्यावर दिली की पैसे. माझ्या चपट्या बाटल्या त्याला वाचताच येईनात. एकेक करून सगळ्या त्याने परत ओकल्या. मागे रांग, आणि रांगेत कोणी काही बोलत नाही, ते आणखी वाईट. गंमत म्हणजे घेतलेल्या बाटल्या ते यंत्र पोटात स्वतःच चेपतं. म्हणजे काम बरोबर होतं, फक्त माझी नेमणूक नव्हती.

रात्रभर फुंका मारून बाटल्या फुगवल्या. सकाळी गेलो तर दुकानाला कुलूप. रविवार! 1919 च्या घटनेतलं रविवारच्या विसाव्याचं कलम त्यांनी आजच्या घटनेतही जपलंय. आमच्या गल्लीतला किराणेवाला रविवारी अर्धं शटर वर करून का होईना, तेलाची पिशवी देतोच.

सुदामा नगरातून कोणी जर्मनीला निघालं असेल, तर त्याने बाटल्यांच्या भानगडीत पडू नये. तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.