शटर नवं, गाडी रस्त्यावर

कोल्हापुरात शाहूपुरी-राजारामपुरीतल्या बंगल्याच्या गॅरेजचं शटर गंजलं, की घरात चर्चासत्र भरतं. पत्रा किती गेजचा, स्प्रिंग की गिअर, मोटर बसवायची का? शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेटरांना तोटा नाही, त्यामुळे मतांनाही नाही. फक्त आत काय ठेवायचं, हे कुणी विचारत नाही. ते ठरलेलंच असतं : माळ्यावर न मावलेला संसार, नाहीतर भाडं देणारं दुकान. राज्याची 2020ची बांधकाम नियमावली पार्किंग आवारातच मागते आणि ते असतंही, मंजूर नकाशावर. गाडी मात्र दारासमोर, रहदारीच्या भरवशावर.

कुणी म्हणेल, पुरात गाडी आत अडकली तर? भीती रास्त आहे. 2019 आणि 2021मध्ये पंचगंगेनं ती खरी केली. पण तेव्हा गाडी उंचावर न्यायची असते, रस्त्यावर नव्हे. आणि वर्षभर पूर नसतो. शटर चोरांसाठी, हा दुसरा बचाव. म्हणजे लाखांची गाडी उघड्यावर आणि फुटकी कुंडी मोटरच्या शटरात! तेव्हा ऑर्डर देण्याआधी गाडी मोजा, आरसे उघडे ठेवून. आणि वीज गेल्यावर हातानं फिरवायची सोय मागून घ्या.