चोराकडून अपेक्षा

घराबाहेर कॅमेरे बसवून घेतलेल्या माणसाला भेटा, तो आधी आकडा सांगतो. "चार लावलेत." शेजारचा म्हणतो, "आमचे आठ." ते कशावर रोखलेत, त्यांत नेमकं काय दिसतं, असं विचारलं तर तो आपल्याकडे जरा संशयानं बघतो. हे आपल्याला कशाला हवंय, असं त्याला वाटतं.

आमच्या सांगलीतल्या कॉलनीत आता गेटला कडी नसली तरी चालते, कॅमेरा लागतो. दुकानात पॅकेज तयारच असतं. चार कॅमेरे, एक डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क, नव्वद मीटर केबल, फिटिंगसह. बाहेर बुलेट आणि आत डोम, ही वाटणी कुंडली न बघता ठरलेली. घर कोपऱ्यावर आहे की बोळात, गेट पूर्वेला आहे की पश्चिमेला, सकाळचं ऊन थेट लेन्समध्ये घुसेल का, असल्या चौकशा दुकानदार करत नाही आणि गिऱ्हाइकालाही केलेल्या आवडत नाहीत. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चार चौकोन उमटले की पैसे वसूल.

या व्यवस्थेत खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त ती नीट चालायला चोराचं सहकार्य लागतं. साखर, दूध, सूतगिरणी, पतपेढी असा सगळीकडे सहकार रुजवणाऱ्या या भागात चोर तेवढा अजून सभासद झालेला नाही. म्हणून त्याच्याकडून आमच्या काय अपेक्षा आहेत, त्या एकदा जाहीरपणे मांडलेल्या बऱ्या.

चोरानं जवळ यावं. आम्ही २.८ एमएमची लेन्स घेतो, कारण तिच्यात सगळं दिसतं. गेट, रस्ता, समोरच्यांची गाडी, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर. सगळं दिसायचं म्हटलं की प्रत्येक गोष्ट बारीक होणार, हे ओघानं आलंच. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून खात्रीनं ओळखायचा तर चित्रात मीटरला २५० पिक्सल हवेत, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. दोन मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० पिक्सल. भागाकार केला तर चित्रात मावणारी रुंदी साडेसात मीटरवर गेली की चेहरा हातचा गेला. आणि २.८ च्या लेन्सला तेवढी रुंदी साधारण दहा फुटांवरच भरते. त्यापुढे माणूस आला, माणूस गेला, शर्ट बहुधा फिकट होता, एवढीच माहिती उरते. आता दहा फुटांच्या आत यायचं म्हटलं, तर कॅमेरा आम्ही पहिल्या मजल्याच्या सज्जाखाली ठोकलेला असतो. खाली लावला तर चोरच काढून नेईल ना! म्हणून त्यानं दहा फुटांत येऊन वर मान करावी. हेल्मेट, टोपी आणि करोनानं मागे ठेवलेला मास्क यांचा मोह टाळावा.

रात्री आणि पावसाळ्यात शक्यतो येऊ नये. हे का, ते समोरच्या काकांच्या चंदनानं सांगितलं. काका निवृत्त बँक मॅनेजर. त्यांच्या कंपाउंडमध्ये वडिलांच्या वेळचं चंदनाचं झाड होतं. चंदनचोर हा आपल्याकडचा जुना आणि अभ्यासू व्यावसायिक. तो आधी खोडाला गिरमिट लावून गाभा भरलाय की नाही ते बघतो, आणि मग सवडीनं करवत घेऊन येतो. काकांना ते भोक आदल्या आठवड्यात दिसलं होतं. किड्याचं समजून त्यांनी त्यात औषध सोडलं.

एका सकाळी फक्त बुंधा उरला. तासाभरात सगळी गल्ली काकांच्या सोफ्यावर आणि सोफ्याच्या हातांवर बसून फुटेज बघत होती. काकूंनी दोनदा चहा केला. अंधार पडला की कॅमेरा काळापांढरा होतो आणि लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिव्याला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि ज्या जागेवरून घर राखायचं तिथेच तो संसार थाटतो. दिव्यांचा उजेड जाळ्यावर आपटून परत लेन्समध्ये शिरतो. त्यामुळे रात्रीचं अख्खं अंगण ताकात बुडल्यासारखं दिसत होतं. पावणेतीनला कोळी डावीकडून उजवीकडे गेला. पडद्यावर त्याचा एकेक पाय कंपाउंडच्या भिंतीएवढा.

"हाच का?" काकूंनी विचारलं.

तीनच्या सुमाराला जाळ्यामागे काहीतरी हललं, असं दोघांचं मत पडलं. तिघांना ते मांजर वाटलं. काकांनी आठपटीनं पुढे नेलं, सोळापटीनं नेलं, मागे आणलं. सहानंतर उजाडलं, चित्राला रंग आले आणि झाड नव्हतं. ते असण्याच्या आणि नसण्याच्या मधली जी काय घटना होती, ती सगळी कोळ्याच्या पोटाखालून घडून गेली होती. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी टीव्हीकडे दोन मिनिटं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "जाळी काढत जावा, काका."

काकांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. कॅमेरे त्यानंच बसवून दिले, आणि ॲप त्याच्याही फोनवर. गेटसमोरचा कढीपत्ता हलला तरी त्याला सूचना जाते. मांजर, कुरिअरवाला, वाऱ्यावर उडालेली पिशवी, सगळ्यांची वर्दी अटलांटिकपार. काकांनी स्वतःच्या फोनवरच्या सूचना तिसऱ्या दिवशी बंद केल्या. मुलानं मात्र केल्या नाहीत, कारण तो लांब आहे. थंडीच्या दिवसांत सांगलीत सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे आठ. जेवता जेवता त्याचा फोन येतो.

"बाबा, गेटपाशी कुणीतरी उभं आहे."

"मीच आहे. दूध घेतोय."

"तुम्ही वाटत नाही."

"कानटोपी आहे, बाळा."

"जरा वर बघा बरं कॅमेऱ्यात."

आणि ज्यांनी तीस वर्षं कर्जाच्या अर्जांवर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या, ते काका पातेलं हातात धरून, कानटोपी काढून, स्वतःच्या घराकडे तोंड करून ओळख पटवतात. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. एकदा मुलानं फोन न करता थेट भिंतीतूनच विचारलं, "कोण आहे तिकडे?" काका आत होते. दूधवाला दचकून म्हणाला, "अर्धा लिटर."

सख्ख्या मुलाला बाप ओळखू येत नाही त्या चित्रात पोलिसांना चोर ओळखू यावा, ही आमची नम्र श्रद्धा.

बाकीच्या अपेक्षा किरकोळ आहेत. चोरानं वीज असताना यावं, कारण इन्व्हर्टरवर पंखा घेतलाय, राउटर घ्यायचा राहिला. टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीआर सोबत नेऊ नये. आणि तारखेचं भान ठेवावं. चार कॅमेरे सेकंदाला दोन-दोन मेगाबिट लिहीत बसले की दिवसाला ८६ जीबी भरतात. एक टीबी जेमतेम अकरा दिवस पुरतो, पुढे जुन्यावर नवं चढतं. मुलाकडे सहा महिने जाणाऱ्यांच्या घरी हात मारायचा असेल, तर मालक परतण्याच्या आठवड्यातच मारावा. आधी मारला तर त्याची कदर करायला पुरावा उरत नाही.

समजा, चोर इतका सज्जन निघाला की यातलं सगळं त्यानं पाळलं. तरी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ राहतंच. काकांच्या डीव्हीआरवर चंदन गेलं त्या दिवशी १ जानेवारी २००० ही तारीख होती. आतली बॅटरी संपली होती, म्हणून त्यानं आपली मूळ तारीख धरली. पुराव्यात एवढ्या-तेवढ्यानं काय बिघडतं म्हणणाऱ्यांनी जालन्याला विचारावं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेल्या कैलास गोरंट्यालांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला. भिस्त होती निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर. पण त्या चित्रणासोबत कायद्याला लागणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ साली निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण दिल्लीला गेलं, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निक्षून सांगितलं की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. तोवर ती विधानसभा संपली होती आणि पुढची निवडणूक गोरंट्याल जिंकूनही बसले होते. सरकारी कचेरीतल्या कॅमेऱ्याची ही कथा. काकांचा तर सज्जाखालचा. आता २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आहे. त्याच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र दोन भागांचं: एक देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. काका पेन ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठाण्यावर गेले होते.

पासवर्डाचं तर विचारूच नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामनं जगभरचे असले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार म्हणजे कारखान्यातूनच येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी. लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या ऑक्टोबरात या फौजेनं एका कंपनीवर गर्दीचा असा लोंढा सोडला की अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्स अडखळले. ज्या यंत्राला स्वतःच्या फाटकातला माणूस दिसत नाही, ते साता समुद्रापलीकडचं ट्विटर पाडू शकतं, हे ऐकून काकांना आपल्या खरेदीचा थोडा अभिमानच वाटला. भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. कॅमेरा त्यात पास होईल. आमच्या गल्लीतल्या सगळ्या डीव्हीआरचा पासवर्ड फिटिंगवाल्या पोरानं एकच ठेवलाय, तो त्याच्या सोयीचा आहे, आणि चहा पिता पिता तो कुणालाही सांगतो.

इतकं असूनही कॅमेऱ्यावर कुणी नाराज नाही. कारण ज्या कामाला घेतला असं आपण पाहुण्यांना सांगतो ते त्याला जमत नसलं, तरी मनातून ज्या कामाला घेतला ते तो चोख बजावतो. गेटसमोर गाडी कुणी लावली. कचरा कुणाच्या खिडकीतून आला. आणि सगळ्यांत मोठा गुन्हेगार, फुलं तोडणारे आजोबा. आमच्या सगळ्या अपेक्षा पूर्ण करणारा पृथ्वीतलावरचा हा एकमेव चोर. उजाडल्यावर येतात. हेल्मेट नाही, मास्क नाही. भिंतीलगत, कॅमेऱ्यापासून दहा फुटांच्या आत उभे राहतात. जास्वंदीची फांदी काठीच्या आकड्यानं खाली ओढताना मान वर करतात. तो चेहरा, ते गंध, चष्म्याची दोरी, पिशवीवर छापलेलं साड्यांच्या दुकानाचं नाव, सगळं अडीचशे पिक्सलच्या वर. शिवाय रोज येतात, त्यामुळे अकरा दिवसांचीही अडचण नाही. त्यांचे एवढे व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेत की कुणीतरी वाढदिवसाला त्यातलाच फोटो लावला. आजोबांना हे कळलंय. हल्ली येताना ते आधी कॅमेऱ्याला नमस्कार करतात, मग फुलं तोडतात.

शेजाऱ्यांमध्ये यावरून भांडणं होतात, पण शेजारी कशाला, कोलकात्यात एकाच घरात राहणारे दोन भाऊ यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकानं राहत्या भागात कॅमेरे लावले, दुसऱ्यानं खासगीपणाचा प्रश्न काढला. दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालणार नाहीत, असं उच्च न्यायालय म्हणालं आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. काकांनी ही बातमी कापून ठेवली आहे. समोर आम्ही राहतो.

चंदन गेल्यावर काका पुन्हा दुकानात गेले, सोबत मीही गेलो. म्हटलं, एकच कॅमेरा द्या, सहा एमएमचा, फक्त गेटच्या वाटेवर रोखलेला, सज्जाखाली नको, डोक्याच्या जरा वर लावू. गेटवर माणूस आला की पेटणारा दिवा द्या. घड्याळ लावून द्या, पासवर्ड काका स्वतः टाकतील, आणि कुंच्याची काठी आमची आम्ही घेऊ. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरवरचा नवा डीव्हीआर आमच्याकडे पाठ करून फिरवला आणि मागच्या भोकांवर बोट ठेवलं.

"एकच लावला तर ही तीन रिकामी राहतात की, काका."

काका त्या तीन भोकांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आठवालं दाखवा जरा."