क्लिकराव

सोसायटीत त्यांना सगळे क्लिकराव म्हणतात. एक कॅमेरा गळ्यात, दुसरा बॅगेत आणि तोंडात एकच वाक्य, "पैशांचं सोडा हो, नाव होतंय!"

परवा एका हॉटेलच्या मेन्यूचं काम घेतलं. ४० पदार्थ, २,५०० रुपये. मिसळीचा फोटो म्हणजे घाईचं काम. तर्री ओतली की दोन मिनिटांत फरसाण फुगतं, कोथिंबीर मान टाकते. क्लिकरावांनी मिसळ पुन्हा पुन्हा नव्याने लावून घेतली, कोथिंबिरीचं एकेक पान चिमट्याने ठेवलं, वाटीच्या काठावरचा ओघळ इअरबडने टिपला. फोटो असा, की बघणाऱ्याला ठसका लागावा. माणूस कसबी, यात वाद नाही. वाद हिशेबाचा आहे. लेन्सचं भाडं १,२००, मदतीला आलेल्या पोराला ५००, पेट्रोल-पार्किंग २००. उरले ६००, आणि वर एडिटिंगच्या दोन रात्री. वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा तिथे मिसळ वाढायला उभे राहिला असतात, तर एका वेळचं जेवण तरी सुटलं असतं."

करार अकरा पानी. फोटोंचे सगळे हक्क हॉटेलच्या कंपनीकडे, कायमचे आणि 'संपूर्ण विश्वात'. उद्या मंगळावर मिसळ विकायला निघाली तरी क्लिकरावांना दमडी मिळायची नाही. रॉ फाइल्सही द्यायच्या. सहा महिने दुसऱ्या हॉटेलचं काम घ्यायचं नाही. कोणी दावा ठोकला तर भरपाई क्लिकरावांनी करायची. बिल मात्र ६० दिवसांनी. आणि नवव्या पानावर, बारीक अक्षरात : फोटोग्राफरचं नाव कुठेही येणार नाही, त्याने हे फोटो पोर्टफोलिओत किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत.

"अहो, मग नाव कसं होणार?"

"काम बोलतं हो!"

बोलतं खरं, पण कोणाचं आहे ते सांगायची त्याला मनाई आहे.

कमी पैशांचं काम घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. नवख्याने पदरमोड करून एखाद्या नाटकाचे फोटो काढले आणि ते नावासह मिरवता आले, तर ती कमाईच. इथे पैसाही नाही आणि नावही नाही. बरं, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट काही ठरलं नसेल तर, काम देणाराच असतो. त्यासाठी अकरा पानं खर्ची घालायची गरजच नव्हती. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी 'हे काम माझं' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. हे सांगितलं तर क्लिकराव दचकले. "असं भांडत बसलं तर पुढचं काम कोण देईल?"

पुढचं काम आलंय. थाळ्या, ६० पदार्थ, पैसे तेवढेच.

तुमच्या घरात असा क्लिकराव असेल, तर सहीआधी करारात त्याच्याकडून पेनाने एवढं लिहून घ्या : 'हे फोटो मला माझ्या नावासह दाखवता येतील.' कंपनी नाही म्हणाली, तर ६०० रुपयांसाठी दोन रात्री जागू नये. सरळ झोपावं.