थांबणाऱ्यांची हवा

रस्त्याच्या कडेला सायकल उलटी घालून बसलेल्या माणसापाशी थांबणारे सगळे परोपकारी असतात, ही समजूत थांबणाऱ्यांनीच पसरवलेली आहे आणि त्या प्रचारात माझा वाटा मोठा आहे. खरं असं, की सीटखालच्या पिशवीत टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन आणि ॲलन कींचा जुडगा घेऊन हिंडणाऱ्याला मनातून दुसऱ्याचं पंक्चर हवंच असतं. स्वतःचं झालं तर अडचण, दुसऱ्याचं झालं तर संधी. एवढं सामान चढावर वाहायचं आणि ते कोणी बघायचंही नाही, हे माझ्या स्वभावाला सोसणारं नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावर रविवारी सकाळी एका ट्यूबभोवती तीन सल्लागार जमतात आणि ज्याची ट्यूब, त्याच्या वाट्याला फक्त पाण्याच्या बाटल्या धरायचं काम येतं, ते यामुळेच. तरीही थांबावं, असंच माझं म्हणणं आहे. ट्यूबला हेतू कळत नाही. तिला दाब तेवढा कळतो.

हेतू शुद्ध असल्याशिवाय मदत करू नये, असं म्हणणाऱ्यांसाठी पुरावा अमेरिकेतला आहे. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणाला धाडलं आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या बायबलमधल्या भल्या माणसाचीच गोष्ट हा होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे भलेपणाचा काटा अंतःकरणात कमी आणि मनगटावर जास्त असतो. आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांना तर घाईचं कारणही नाही. आम्ही कुठेच पोचायचं नसताना निघालेलो असतो, आणि थांबल्यावर सरासरी वेग बिघडू नये म्हणून घड्याळ आपोआप थांबवायची सोयही ॲपमध्ये आहे. सिंहगडाच्या चढाची वेळ मात्र थांबत नाही, आणि ‘सगळं ठीक ना?’ हे वाक्य पेडल न सोडता, उत्तर ऐकू येणार नाही अशा वेगाने का उच्चारलं जातं, ते तिथे कळतं.

दुसरा आक्षेप स्वावलंबनाचा: ज्याने त्याने आपलं निस्तरावं. या पंथाचं दैवत म्हणजे यूजीन क्रिस्तोफ. १९१३च्या तूर द फ्रान्समध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. परक्याची मदत घ्यायला नियमाने बंदी. गडी सायकल खांद्यावर टाकून घाट उतरला, त्याने गावातली लोहारशाळा गाठली आणि चिमटा स्वतः सांधला. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे भाता मात्र एका पोराने हलवला, म्हणून पंचांनी त्याला १० मिनिटांचा दंड ठोकला. मला यातून उलटा बोध होतो: एवढ्या जिद्दीच्या माणसालाही तिसरा हात लागलाच. अर्थात तिसरा हात मागितल्यावरच पुढे करावा. निर्मनुष्य रस्त्यावर एकट्या बाईच्या अंगावर पाना घेऊन धावून जाणाऱ्याचा हेतू तिने का तपासत बसावं? लांबून विचारावं, आणि ‘नको’ म्हटल्यावर निघावं. हे ‘नको’ पचवणं घाटापेक्षा अवघड आहे, एवढं नमूद करतो.

तिसरा आक्षेप तांत्रिक असल्यामुळे मला फार प्रिय आहे. सायकलचे व्हॉल्व्ह मुख्यतः तीन जातींचे: प्रेस्टा, श्रेडर आणि वुड्स. तिन्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले आणि तेव्हापासून त्यांचं एकमेकांशी पटलेलं नाही. प्रेस्टा सडपातळ, उंची सायकलींवरचा. हवा भरण्याआधी त्याच्या टोकाची बारीक चकती सैल करावी लागते, आणि ते हलक्या हाताने न केल्यास तिची दांडी वाकते. श्रेडर जाडजूड, मोटारींनाही तोच. वुड्स म्हणजे आपल्या काळ्या उभ्या सायकलीचा, पितळी खिळ्यावर रबरी नळी चढवलेला. ती नळी कुजली की पंक्चर नसतानाही चाक बसतं आणि मालक उगाच काटा शोधत राहतो. यावर मी आणखी बरंच लिहू शकतो, पण आक्षेप एवढाच: काळ्या सायकलीला आमचा पंप चालत नाही, आमची ट्यूब बसत नाही, चाक नटांनी आवळलेलं, म्हणून त्या सायकलवाल्यापाशी थांबून उपयोग नाही. हे खोटं आहे. प्रेस्टाचं तोंड वुड्सवर सहसा बसतं. चाक काढायची गरजही नसते. टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढायची आणि पॅच मारायचा, कुठलाही पंक्चरवाला हेच करतो.

मग आम्ही थांबत का नाही? कारण हेल्मेट घातलेला माणूस चालताना दिसला की आम्हाला अपघात दिसतो, आणि डबा लटकवलेली सायकल ढकलत रात्रपाळीचा वॉचमन किंवा साइटवरचा गवंडी चालताना दिसला की काहीच दिसत नाही. पंक्चरमुळे आमचा नाश्ता लांबतो, त्याचा खाडा होतो. खऱ्या अर्थाने सायकलवर जगणारा तो, आणि सायकलस्वारांच्या बंधुभावात नेमका तोच धरलेला नाही, याची मला चीड येते, आणि त्या चिडीत मी स्वतःला वगळत नाही. मदतीमागे अहंकार असला तर असू द्यावा. कोणासाठी थांबायचं ते मात्र त्याला ठरवू देऊ नये. शिवाय अहंकाराला औषधही इथेच मिळतं. वॉचमनला बहुधा आपल्याकडून फक्त पंप आणि पॅच हवा असतो. बाकीचं काम तो आपल्या निम्म्या वेळात उरकतो आणि वर ‘साहेब, तुमची चेन कोरडी आहे’ असंही सांगू शकतो. तेवढं ऐकायची तयारी ठेवून ब्रेक दाबावा.