आधी नियम सांगा

‘वेड पांघरून पेडगावला’ ही म्हण ऐकवून हसणारा पाहुणा गावात आला, की तात्या त्याला पारावर बसवतात, पाणी देतात आणि मग भूगोल शिकवतात. म्हणीतलं पेडगाव भीमाकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. तिथं बहादूरगड आहे. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं, परभणी आणि मानवत रोडच्या मधलं स्टेशन. इथं गड नाही, भीमा नाही, पांघरायला वेड मात्र मुबलक. “नाव एक, गावं दोन,” तात्या म्हणतात. “तिकीट काढायच्या आधी विचारावं, कोणतं पेडगाव?” पाहुण्याला वाटतं विषय संपला. तात्यांचा विषय तिथून सुरू होतो.

तात्या सोसायटीचे गटसचिव म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी पोटनियम वाचण्यात गेली. आता पोट बिघडलं तरी गोळी घेण्याआधी ते पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतात, आणि वाचून होईपर्यंत पोट आपोआप बरं होतं. खिशाला दोन पेनं, दोरीला चष्मा आणि तोंडात एकच वाक्य: “आधी नियम सांगा.” असा माणूस तुमच्याही गावात असेल. लग्नात तो अक्षता टाकायच्या आधी पत्रिकेत ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ ही ओळ शोधतो.

शाळेमागं पोरं क्रिकेट खेळत होती. तात्या थांबले. “काय रे, एक टप्पा आऊट आहे का?” पोरं म्हणाली, आहे. “मंग हा गडी बॉल उचलायलाय कामून? एक टप्पा आऊट असंल तर जमिनीसरपट मारावं!” पोरांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्याच बॉलला तो गडी एक टप्प्यावर आऊट झाला. तात्या विजयी मुद्रेने पुढं गेले. बॅट तीच, बॉल तोच, नियम बदलला की फटका बदलायचा, एवढंच त्यांचं म्हणणं.

या तत्त्वज्ञानाला खरं व्यासपीठ मिळालं ते गोव्यात. पुण्याच्या आयटीतला पुतण्या त्यांना घेऊन गेला होता. देवदर्शन झालं, समुद्र झाला, आणि संध्याकाळी पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या एका बोटीवर दोघं चढले. पुतण्यानं ब्लॅकजॅकचा तक्ता पाठ केला होता. खेळ सोपा: पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढं गेलात की मेलात. एक्का एकाचा किंवा अकराचा, राजा-राणी-गुलाम दहाचे. आपली दोन पानं आणि डीलरचं उघडं पान पाहून काय करायचं, ते तक्त्यात चौकटी आखून दिलेलं असतं: पान घ्या, थांबा, डाव दुप्पट करा, जोडी फोडा.

पुतण्या खुर्चीवर बसला. तात्या मागं उभे राहून टेबलाच्या कापडावरची अक्षरं वाचू लागले, सातबारा वाचतात तशी. पुतण्याला दोन अठ्ठ्या आल्या, डीलरपुढं एक्का. तक्ता म्हणतो, फोडा. त्यानं जोडी फोडून दुसऱ्या अठ्ठीवर तेवढेच पैसे लावले. तात्या कानाशी लागले, “अरे, त्यानं आपलं दुसरं पान घेतलंच नाई अजून!”

मुद्दा बारीक होता. काही टेबलांवर डीलर दुसरं पान आधीच पालथं ठेवतो आणि एक्का दिसला की डोकावून बघतो. त्याचं ब्लॅकजॅक असेल, म्हणजे दोनच पानांत एकवीस, तर डाव तिथंच मिटतो आणि तुमचे मूळचेच पैसे जातात. काही टेबलांवर तो दुसरं पान सगळ्यांचं खेळून झाल्यावर घेतो. तिथं शेवटी ब्लॅकजॅक निघालं तर फोडलेलं, दुप्पट केलेलं, सगळं जातं. म्हणून अशा टेबलावर एक्का किंवा दश्शीसमोर अठ्ठ्या फोडायच्या नसतात, अकरावर दुप्पटही करायचं नसतं. डीलरनं पान काढलं. राजा निघाला. दोन्ही डाव गेले.

“तक्त्यात तर ‘फोडा’ असंच होतं,” पुतण्या म्हणाला.

“तक्ता बरोबरच आहे बाबा,” तात्या म्हणाले. “तू दुसऱ्या पेडगावला उतरलास.”

स्वतः तात्यांनी रात्रभर एक रुपया लावला नाही. प्रवेशाच्या पैशात जेवण धरलेलं आहे, हा नियम त्यांनी सगळ्यात आधी वाचला होता.

तेव्हापासून पारावर संध्याकाळी पत्त्यांचा कॅट निघतो. डाव चिंचोक्यांवर, कारण १८८७ चा जुगारबंदी कायदा तात्यांना पाठ आहे. पहिला धडा ठरलेला, तोही मलाच. “मास्तर, दहा चिंचोके लावले आन् तुम्हाला ब्लॅकजॅक आलं. तिनास दोननं मिळतात पंधरा. सहास पाचनं बारा. आकडे मोठे दिसायलेत म्हणून माणूस सहास पाचला भुलतो. ब्लॅकजॅक येतं साधारण एकवीस डावांत एकदा. म्हणजे दोनशे दहा चिंचोके लावल्यावर तीन गेले. शंभराला जवळपास दीड!” पुढं ते आवाज खाली आणतात. “आन् याच्यावर तक्त्यात काईच इलाज नाई. पत्ते कसेबी खेळा.”

दुसरा धडा एक्का-छक्कीचा. ही बेरीज सातही होते आणि सतराही. एका टेबलावर डीलर तिच्यावर थांबतो, दुसऱ्यावर पान ओढतो. ओढला तर घराचा वाटा शंभराला साधारण वीस पैशांनी वाढतो, आणि तक्त्याच्या काही चौकटीही बदलतात: बऱ्याच कॅटांच्या, डीलर आधी डोकावून बघणाऱ्या खेळात आपले अकरा आणि त्याचा एक्का असला तर एरवी नुसतं पान घ्यायचं, इथं दुप्पट करायचं. हे ऐकताना आमच्यातले दोघं नेहमी तंबाखू मळायला उठतात.

हा तक्ता काढणाऱ्या चार अमेरिकन शिपायांचा मात्र तात्यांना विलक्षण आदर. बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट. मेरीलँडमधल्या अबर्डीनच्या लष्करी तळावर बसून साध्या हिशेबाच्या यंत्रांवर त्यांनी हे गणित केलं, आणि १९५६ मध्ये ते अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आलं. “त्यांनी पाह्यलं काय?” तात्या विचारतात. “डीलरला अक्कल वापरायची परवानगीच नाई. सोळाला ओढ, सतराला थांब. जो नियमानं बांधलेला, त्याचंच गणित होतं. तहसीलातल्या माणसाचं होत नाई.”

विम्याचा धडा आला की तंबाखूवालेही परत येतात. परभणी जिल्ह्यात विमा हा शब्द ऐकून कोण उठून जाईल? डीलरपुढं एक्का दिसला की तो विचारतो, विमा काढायचा का? त्याचं दुसरं पान दहाचं निघालं तर लावलेल्या एकावर दोन मिळतात. तात्या पारावर तेरा चिंचोके ओळीनं मांडतात. तेरा पानांत दहाची चार. “चारदा दोन-दोन, म्हणजे आले आठ. नऊदा एक-एक, म्हणजे गेले नऊ.” उरलेला एक चिंचोका ते स्वतःच्या खिशात टाकतात. “हा घराचा.” मग पीक विम्याची गोष्ट निघते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा होता. २०२५ मध्ये ती योजना बंद झाली आणि खरिपाला पुन्हा दोन टक्के, कापसाला पाच टक्के भरायचे ठरले. शेत तेच, पाऊस तोच. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावरही तात्या कापसाची गाडी नेण्याआधी ओलावा विचारतात: आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर कपात, बारापुढं गाडी माघारी. शेजारी गाडी भरून नेतो आणि मग विचारतो. शेजाऱ्याची गाडी दोनदा फिरलेली आहे.

तात्यांचा सर्वांत लाडका किस्सा मात्र १९७६ सालचा आहे. त्या एका वर्षात गोव्यानं जुगार बंद करणारा कायदा केला आणि महाराष्ट्रानं कॅसिनोला परवानगी देणारा. गोव्यानं आपल्या कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या केल्या, आणि मांडवीत बोटी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रानं आपला कायदा कधी अमलातच आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करून टाकला. “बंदी होती तिथं खेळ चालू, परवानगी होती तिथं खेळच नाई,” तात्या मांडी थोपटत म्हणतात. “असा डाव लास वेगासलाबी कुणी टाकला नसंल!”

घरी मात्र नियम काकूंचे, आणि ते कुठल्याच कापडावर छापलेले नाहीत. “दळण आणा,” काकू दारातून म्हणतात. “ज्वारी का गहू? कोणत्या गिरणीतून? जाड का बारीक?” तात्या विचारतात. काकू नुसत्या बघतात. तात्या डबा उचलून चालू लागतात. तिथं एकच चौकट आहे.

परवा मी त्यांना सरळच विचारलं, “तात्या, चांगल्या नियमांचं टेबल शोधलं, सगळं तक्त्याबरहुकूम खेळलं, तर माणूस जिंकतो का?”

“नाई. तरीबी शंभराला अर्धा रुपया घराचा. सहास पाचच्या टेबलावर दोनाच्या आसपास.”

“मग एवढं वाचायचं कशाला?”

“कुठून उठायचं ते कळायला, मास्तर.”

तेव्हा वाचकहो, गोव्याला गेलात आणि पोरांनी त्या बोटीवर ओढून नेलंच, तर बसण्याआधी कापडावरची अक्षरं वाचा. सहास पाच लिहिलेलं असेल तर खुर्चीला हात लावू नका. प्रवेशाच्या पैशात जेवण आहे का ते विचारा, असेल तर पोटभर जेवा, आणि उतरा.