वस्ती जुनी, बिल्डिंग नवी

आमच्या साडूंना घर घ्यायचंय, ही बातमी कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या बहुतेक एजंटांना तोंडपाठ आहे. तसं त्यांना घर आहे. बदलापूर पश्चिमेला, स्टेशनपासून रिक्षाने बरंच आत, सोनिवलीच्या बाजूला, बाराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, जिम आहे, जिमच्या सायकलवर वाळत घातलेला कुणाचा तरी टॉवेलही आहे. "इमारती झाल्या हो," साडू म्हणतात, "वस्ती कुठाय?"

वस्ती म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. डॉक्टर असा हवा, की ज्याच्या पाटीवरची डिग्री उन्हाने उडालीय आणि दाराशी चपलांचा ढीग आहे. वाणी वहीत लिहून घेणारा. इस्त्रीवाला नाव न विचारता बरोब्बर आपलेच कपडे आणून देणारा. कोपऱ्यावर पिंपळ, पिंपळाला पार, पारावर महागाई भत्त्याचा हिशेब करणारे चार पेन्शनर. आणि वाचनालय. कुळगावचं 'ग्रंथसखा' चालत जाण्याच्या अंतरावर हवं, असा त्यांचा आग्रह असतो. साडूंनी लोकलच्या टाइमटेबलाखेरीज अलीकडे काही वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण आग्रह आहे.

इथवर ठीक होतं. पुढची अट अशी, की बिल्डिंग पाच वर्षांच्या वर जुनी नको. लिफ्ट हवी, पार्किंग हवं, वायरिंग भिंतीच्या आतून हवं. थोडक्यात, वस्ती आजोबांच्या वयाची आणि ब्लॉक नातवाच्या. ज्या जागेवर ही नवी बिल्डिंग उभी राहणार, तिथला पिंपळ कुणी आणि कधी पाडला हे विचारायचं नाही.

साडू काही एकटे नाहीत. रविवारी मेगाब्लॉक असतानाही अंबरनाथ-बदलापूरच्या पुलांवर अशी जोडपी दिसतात. पुढे एजंट, त्याच्यामागे नवरा, आणि सहा पावलं मागे, सगळं आधीच कळून चुकलेली बायको. यांच्यातले पुष्कळ जण गिरगाव-लालबागच्या चाळींतले. चाळीतून डोंबिवलीत, डोंबिवलीतून अंबरनाथला, तिथून बदलापूरला असे सरकत आले. दर मुक्कामाला एक मुरलेली वस्ती आपण होऊन सोडली आणि आता दर रविवारी तीच पुढच्या स्टेशनात शोधतात.

साडू निघतात ते तयारीनिशी. पिशवीत टेप, टॉर्च आणि एक काचेची गोटी. घरात शिरल्यावर मालक "बसा" म्हणायच्या आत ते गोटी फरशीवर ठेवतात. गोटी बाथरूमच्या दिशेने गेली तर उतार बरोबर, देवघराकडे गेली तर बिल्डिंग खचलीय, आणि जागची हलली नाही तर मालकाने काहीतरी करून ठेवलंय. मग प्रत्येक नळ सोडून बघायचा. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देणाऱ्या जीवन प्राधिकरणाच्या वेळा त्यांना स्वतःच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांपेक्षा पक्क्या ठाऊक आहेत.

उल्हासनगरची मोहीम मी डोळ्यांनी पाहिली. जुनी वस्ती पाहिजे तर उल्हासनगर गाठा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी मिळाल्या, आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. लष्कर गेलं, कॅम्प राहिले. रिक्षावाला अजून विचारतो, "कौनसा कॅम्प? तीन का चार?" आमच्याकडच्या पत्त्यात बराक नंबर आणि रूम नंबर होता. ती बराक आम्ही अर्धा तास शोधली. शेवटी कळलं, आपण तिच्याच पुढ्यात उभे आहोत. आता तिथे चार मजले होते, खाली जीन्स शिवायची मशीनं धडधडत होती, आणि पत्ता तेवढा बराकीचा राहिला होता.

एजंट वयस्कर सिंधी गृहस्थ. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केलं, व्यवहाराचं नंतर. साडूंनी मला कोपराने ढोसलं, "बघा, याला म्हणतात वस्ती!"

"साईं, पेपर एकदम क्लियर. सनद है," गृहस्थ म्हणाले.

सनद म्हटल्यावर साडू ताठ बसले. त्यांना आपण देशमुखी घ्यायला आलोय असं वाटलं असावं. वास्तविक निर्वासितांना दिलेल्या जमिनीची मालकी तिथे सनदेवर ठरते आणि ती प्रांताकडून मिळते, एवढीच गोष्ट. मी विचारलं, "और बिल्डिंग की परमिशन?" गृहस्थांनी आणखी एक पापड दिला. "वो रेग्युलर हो जायेगा, साईं." उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी 2006 साली खास कायदा झाला, हेही त्यांनी सांगितलं. साडू परत येताना गाडीत म्हणाले, "ज्या गावासाठी विधिमंडळाला वेगळा कायदा करावा लागतो, ते गाव काही साधंसुधं नाही."

तो विचार पुढे मे 2021 मध्ये बंद झाला. त्या महिन्यात उल्हासनगरात लागोपाठ दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत कोसळले आणि माणसं गेली. साडूंनी त्यावर कोटी केली नाही. त्यानंतर कुठल्याही घरात शिरल्यावर ते गोटीच्या आधी मान वर करून स्लॅब बघू लागले.

अंबरनाथला मात्र ते विरघळले. पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तीन मजली बिल्डिंग. डॉक्टर खाली, चपला दाराशी. मालक ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यांचे वडील विमकोच्या आगपेटीच्या कारखान्यात. गॅलरीत झोपाळा, झोपाळ्याच्या कड्या पितळी. वहिनींनी कोकम सरबत आणलं. साडूंनी गोटी खिशातच ठेवली, यावरून काय ते समजा.

"एवढं सोन्यासारखं घर विकताय का हो?"

"मुलगा हिंजवडीला असतो. सतराव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट आहे," मालक म्हणाले. त्यांचा आवाज अगदी आनंदी होता.

साडूंची नजर तेवढ्यात कालनिर्णयवर गेली. ते छतापासून वीतभर खाली टांगलेलं होतं. इतक्या उंचावरची एकादशी वाचायची तर शिडी लावायला हवी. साडूंनी स्टूल मागितलं. मालक म्हणाले, "कशाला उगाच." साडू चढले, कालनिर्णय उचललं. खाली मागल्या वर्षाचं होतं. ते उचललं, तर खाली त्याच्या आधीचं. प्रत्येकाच्या कडेला पिवळा डाग, आणि जसजसं आत जावं तसतसा डाग आकाराने लहान होत गेलेला. ओल कोणत्या साली सुरू झाली आणि किती बोटं वाढली, याचा तिथीवार दाखला भिंतीवर लटकत होता. मालक शांतपणे म्हणाले, "वरच्यांच्या नहाणीचं आहे. बोललोय त्यांना."

"कधी?"

मालकांनी तळातल्या कालनिर्णयकडे बघितलं.

तरीही साडू बँकेत गेले. बिल्डिंगचं वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज बँकेला मानवेना. साडूंनी साहेबांना ऐकवलं, "तिथून दहा मिनिटांवर शके 982 चं देऊळ उभं आहे. 1060 सालचं बांधकाम! अजून काही झालं नाही त्याला." साहेब म्हणाले, "देवळावर आम्ही कर्ज देत नाही."

बदलापूर गावाकडे, उल्हास नदीच्या अंगाला, त्यांनी बरीच घरं बघितली. तिथे भाव बरा होता, आणि भाव बरा का, हे कुणी आपण होऊन सांगत नव्हतं. 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं आणि जुलै 2019 मध्ये, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तेव्हा, कुठवर, हे साडू दारोदार विचारत फिरले. पहिल्या बिल्डिंगवाल्यांनी सांगितलं, "आमच्याकडे? छे! पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत आलं होतं." पलीकडच्यांनी त्यांच्या पलीकडे बोट दाखवलं. असं विचारत विचारत साडू शेवटी नदीच्या काठावर पोहोचले. तिथे कपडे धूत असलेल्या आजीबाईंनी मात्र हातातल्या पिळ्याने मागे, आम्ही चालून आलेल्या अख्ख्या रस्त्याकडे खूण केली. निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द साडू नंतर शिकले. आजींचा नकाशा जास्त स्पष्ट होता.

घर अखेर मेव्हणीने घेतलं. एका मंगळवारी, साडू ऑफिसात असताना, ती एकटी कुळगावात गेली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तिने दोनच गोष्टी विचारल्या. पाणी किती वाजता येतं, आणि गच्चीवर कुरडया घातल्या तर कुणी कटकट करतं का. उत्तरं पटली, टोकन दिलं आणि येताना मंडईतून चवळीची जुडी घेतली. तिच्या एकटीच्या नावावर घर झाल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही मिळाली. रजिस्ट्रेशनचे 30,000 भरताना साडू फक्त म्हणाले, "पण लिफ्ट नाहीये." तिसरा मजला आहे. बिल्डिंग त्यांच्या लग्नाच्या आसपासची. कर्ज कसंबसं बसलं.

आता खरी गंमत. सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर मेव्हणीचं नाव चढायच्या आत साडू सर्वसाधारण सभेला जाऊन बसले. विषय होता रिडेव्हलपमेंट. बिल्डरचा माणूस लिफ्ट, पार्किंग, भिंतीच्या आतलं वायरिंग सगळं देत होता. साडू उठले आणि म्हणाले, "आपल्या वस्तीचं जुनेपण आपण जपलं पाहिजे." सभासद एकमेकांना विचारू लागले, हे कोण? सेक्रेटरींनी त्यांना भाडेकरू समजून चहा दिला.

हल्ली ते संध्याकाळी पारावर असतात. महागाई भत्त्याचं अजून त्यांना लागू नाही, पण ऐकून घेतात. "कोण कुठले लोक घरं बघायला येतात हल्ली," हे मात्र त्यांचं स्वतःचं. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जिन्यात एक एजंट तरुण जोडप्याला समोरचा ब्लॉक दाखवायला घेऊन चाललेला. मुलगी साडूंच्या उघड्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इथले जुनेच ना? बिल्डिंगला लीकेज वगैरे?"

साडूंनी भिंतीवरचं कालनिर्णय किंचित सरळ केलं.

"आमच्या विंगला? छे! पलीकडच्या."