केळ्याचा केक : एक कीटकशास्त्रीय पद्धत

केळ्याचा केक करायचा नसतो, तो करावा लागतो. डझनभर केळी आणायची, आठ खायची आणि चार विसरायची, ही कृतीची पहिली पायरी, आणि ती कोणालाही पहिल्याच प्रयत्नात जमते. मुळशीचा पाऊस लागला की पुण्याजवळच्या पिरंगुटच्या स्वयंपाकघरात बिस्किटं सादळतात, मिठाला पाणी सुटतं आणि फळांच्या टोपलीवर चिलटं तरंगू लागतात. पाककृतीची पुस्तकं ‘चांगली पिकलेली केळी घ्यावीत’ एवढं सांगून मोकळी होतात. चांगली म्हणजे किती, हे सांगणारा तज्ज्ञ मात्र टोपलीवर हजर असतो आणि आपण त्याला फडक्याने हाकलतो. प्रस्तुत मार्गदर्शनाचं म्हणणं एवढंच, की स्वयंपाकघरातला किडा हा चोर नसून परीक्षक आहे. त्याचा शेरा वाचता आला तर केक बिघडत नाही.

पहिला परीक्षक चिलट. त्याला केळ्यापेक्षा केळ्यावर वाढणाऱ्या यीस्टची ओढ असते. आंबूस वास सुटला की ते येतं. म्हणजे पहिलं चिलट घिरट्या घालू लागलं की साल काळपट पण अखंड असलेली केळी उचलावीत. साल फुटलेलं केळं मात्र परीक्षकालाच द्यावं. ते काचेच्या बरणीत टाकावं, दोन चिलटं आत आली की तोंडाला मलमलचं फडकं बांधावं. पंचवीस अंशांच्या आसपास, म्हणजे पिरंगुटच्या पावसाळी हवेत, एका दिवसात अंडी फुटतात. चार-पाच दिवसांनी पांढुरक्या अळ्या काचेवर चढतात, तांदळाच्या कणीएवढे तपकिरी कोश होतात आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास लाल डोळ्यांची नवी चिलटं बाहेर पडतात. याच कुळातल्या माशीला टॉमस हंट मॉर्गन यांनी न्यूयॉर्कमध्ये दुधाच्या बाटल्यांत केळं घालून पोसलं, १९१० मध्ये तिच्यात एक पांढऱ्या डोळ्यांचा नर हेरला आणि आनुवंशिकतेवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळवलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी हिला वास आणि चव कशी कळते याचा अभ्यास उभा केला. इतक्या मोठ्या पाहुणीवर फडकं उगारताना हात जरा आखडावा.

दुसरा परीक्षक पिठाच्या डब्यात असतो. दीड वाटी मैदा चाळताना गंजाच्या रंगाचे, तीन-चार मिलिमीटरचे भुंगेरे चाळणीत राहिले, तर मैदा जुना झाला असा त्याचा अर्थ. ते फार माजले की पिठाला उग्र वास आणि गुलाबट छटा येते. मग चाळत बसू नये, पीठ टाकावं. पीठ स्वच्छ असेल तर त्यात तीन केळी कुस्करून पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी सूर्यफुलाचं तेल, पाव वाटी दही, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड घालावी. खिडकीबाहेर पोळं असेल तर केळी तिथे कुस्करू नयेत. केळ्याच्या वासातला आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट हाच मधमाशीच्या धोक्याच्या इशाऱ्यातलाही मुख्य घटक असतो. वीज जाणार हे गृहीत धरून ओव्हनचा नाद सोडावा. कुकरची शिट्टी आणि रिंग काढावी, तळाला मीठ पसरावं, वर जाळी आणि जाळीवर मिश्रणाचं भांडं ठेवावं आणि मंद आचेवर पाऊण तास द्यावा. सुरी कोरडी निघाली की झालं.

यावर पहिला आक्षेप स्वच्छतेचा. तो रास्त आहे, पण तो आमच्याच बाजूचा आहे: चिलट पाहणाराच फुटलेलं केळं बाजूला काढतो, फवारा मारणारा किडा घालवतो आणि केळं तसंच ठेवतो. दुसरा आक्षेप असा, की पेपर तपासता तपासता पेपरच खाणाऱ्या परीक्षकावर विश्वास कसा ठेवायचा? पण न खाता दिलेल्या शेऱ्यापेक्षा खाऊन दिलेला शेरा अधिक प्रामाणिक असतो. तिसरा आक्षेप उपकारांचा: यांचं आपण देणं काय लागतो? केळ्यापुरतं, काही नाही. खाण्याचं केळं परागीभवनाशिवायच धरतं. गहू आणि ऊसही कीटकांवर अवलंबून नाहीत. पण सूर्यफूल आणि वेलदोडा मधमाश्यांनी मार्गी लावलेले असतात, आणि त्या हिशेबाची वही पुण्यातच आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था तिथे १९६२ पासून आहे.

शेवटचा परीक्षक केक निवताना येतो. एक मुंगी येते, परत जाते आणि तिने मागे सोडलेल्या वासावरून रांग लागते. ओट्यावर त्या रांगेला आडवं ओलं बोट फिरवावं: मुंग्या थबकतात, मिशा हलवतात, चुकतात आणि थोड्या वेळाने वाट पुन्हा सांधतात. ही रांग म्हणजे केक उत्तम झाल्याची पावती, असा मोह होईल. तो आवरावा. मुंगी करपलेल्या केकलाही येते. तिचा शेरा चवीबद्दल नसून डब्याच्या झाकणाबद्दल आहे.